दादा, प्रज्ञाला काय सांगू?

छावणी, छत्रपती संभाजीनगर
रविवार, संध्याकाळ

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तू होतास तेव्हा गरज पडली नाही. करमाडहून मोटारसायकलवर यायचास, आणि यायला जमलं नाही तर फोनवर इतकं ओरडून बोलायचास, की फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं. तू गेल्यावर मी तुझ्याविषयी डायरीत पुष्कळ लिहिलं. तुला मात्र काहीच लिहिलं नाही. डायरीत मी माझीच समजूत काढत बसते, हे मला कळतं.

आज लिहितेय ते तुझ्या लेकीनं सांगितलं म्हणून. परवा आमचं भांडण झालं. प्रज्ञा मला तिची किडनी द्यायची म्हणते. मी नको म्हटलं. माझं एकेक कारण तिनं खोडून काढलं, आणि शेवटी माझ्याकडं एकच उरलं: "तुझ्या बाबाला हे आवडलं नसतं." त्यावर ती पायात चपला सरकवत म्हणाली, "मग बाबांनाच विचार. आणि सोमवारी मला सांग."

उद्या सोमवार आहे.

तुझी किडनी थकायला लागलीय, दादा. तुला हे सांगताना लाज वाटते, जणू तू विश्वासानं दिलेली वस्तू मी नीट ठेवली नाही. पण गोळ्या मी चुकवल्या नाहीत. बाहेरचं खाल्लं नाही, लग्नकार्यांना गेले नाही, गर्दीत गेले नाही. इतकी जपली, की हळूहळू लोकांनी मला बोलवायचंच सोडलं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी आणि पुस्तकं, घरी मी आणि तुझी किडनी. तरी गेल्या वर्षापासून रक्तातलं क्रिएटिनिन वाढत गेलं. तू असतास तर विचारलं असतंस, "वंदे, स्कोर काय झाला?" तुला तो शब्द कधी म्हणता आला नाही. हा स्कोर वाढला की आपण हरतो, एवढं मात्र तुला पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरांनी सुईनं किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. दुखलं ते कातडीला. आत काही जाणवलं नाही. डॉक्टर म्हणाले, किडनी बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, संवेदनेचे धागे जोडता येत नाहीत. मी घरी येऊन कितीतरी वेळ यावर विचार करत बसले. म्हणजे इतकी वर्षं तुझं काहीतरी माझ्या इतक्या जवळ आहे, आणि त्याला दुखतंय की नाही हे मला कळायची सोयच नाही?

तुला प्रज्ञाच्या कामाचं सांगायचं राहिलं. तू गेलास तेव्हा तिचं एम.एस्सी. चाललं होतं. आता ती संशोधन करते, आणि तेही किडनीच्या पेशींवर: त्यांना इजा झाली, ताण आला, रोग झाला तर त्या काय करतात. मी विचारलं, हा विषय माझ्यामुळं घेतलास का? "मार्गदर्शकांकडं तोच प्रकल्प होता. स्वतःला एवढी महत्त्वाची समजू नकोस, आत्या." बोलणं थेट तुझ्यासारखं.

एकदा तिनं मला तिच्या प्रयोगशाळेत नेलं. काचेसारख्या प्लास्टिकच्या बशीत पेशी वाढवलेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर फरशी बसवावी तशा एकीला एक लागून. मग तिनं एक टोकदार नळी घेतली आणि त्या थरावरून सरळ रेघ ओढली. मी दचकले. तिनं मुद्दाम केलेली जखम होती ती. म्हणाली, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातून लवकर निघून गेले. कडेच्या पेशी चपट्या झाल्या होत्या, पाय पसरावेत तशा रेघेत सरकल्या होत्या. रेघ निम्मी भरली होती. मी विचारलं, पुढं जागा रिकामी झालीय हे पेशीला कळतं कसं? प्रज्ञा सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाली, "शेजारीण लागेनाशी होते ना. त्यावरून."

मग तिनं बाकीचं सांगितलं. ताण आला की पेशी आधी रोजची कामं थांबवते आणि जगायला लागेल तेवढंच करते. इजा भरून निघणार असेल तर डागडुजी करते. निघणार नसेल तर स्वतःचं आवरून, शेजारच्यांना त्रास होणार नाही अशा बेतानं संपते. पण काही पेशी यातलं काहीच करत नाहीत. त्या मरत नाहीत, वाढत नाहीत, आहेत तिथं बसून राहतात आणि आजूबाजूच्यांना सारख्या काहीतरी खुणा पाठवून बेजार करतात.

त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, मी त्या शेवटच्या प्रकारची आहे. दुसऱ्या दिवशी खोडलं. अशा तुलना फार सोप्या असतात, आणि त्या करताना माणसाला स्वतःची दया येते. प्रज्ञानंही बजावलं होतं, "पेशीला मन नसतं, आत्या. तिच्यावर कविता करू नकोस."

तपासणीचा निकाल आला तेव्हा ती माझ्याबरोबर दवाखान्यात होती. ती याच विषयात काम करते म्हटल्यावर तिथल्या डॉक्टरांनी तिला त्या तुकड्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मी बाहेर बाकावर बसले होते. बाहेर आली तेव्हा ती अगदी कोरड्या आवाजात बोलली. इजा पुन्हा पुन्हा होत राहिली की पेशींच्या जागी नुसता व्रण भरत जातो. जागा भरते, पण काम करत नाही. तसं जागोजागी झालंय. "पण किडनीतल्या मधल्या मधल्या बारीक नळ्या चांगल्या आहेत. पेशी अजून कामावर आहेत."

नंतर स्कूटरवर ती छावणीचं वळण सोडून सरळ पुढं निघून गेली. बराच वेळ तिच्या लक्षातच आलं नाही. तू गेलास तेव्हा ती परगावी वसतिगृहात होती. पोचेपर्यंत सगळं आवरत आलं होतं आणि तिच्या वाट्याला तुझा चेहराच आला, तोही घाईघाईत. त्यानंतर तिनं तुला पाहिलं ते त्या दिवशी, दवाखान्यातल्या काचपट्टीवर.

लगेच पुढच्या आठवड्यात तिनं मला न सांगता रक्तगट आणि बाकीच्या सुरुवातीच्या तपासण्या करून घेतल्या. तू भाऊ होतास म्हणून तुझ्या वेळी सोपं गेलं. भाची कायद्याच्या लेखी जवळची नाही, तिला समितीपुढं जावं लागतं, हेसुद्धा ती विचारून आली. मी म्हटलं, तुझं लग्न व्हायचंय, मुलंबाळं व्हायचीत. ती म्हणाली, ते मी बघेन. मी म्हटलं, तुझं वय काय. ती म्हणाली, "तू बाबांना नाही म्हणाली होतीस ना? त्यांनी ऐकलं?"

नव्हतं ऐकलंस. मी तीनदा नको म्हटलं आणि तिन्ही वेळा तू चहा मागितलास.

खरं कारण मी तिला सांगितलंच नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर असताना तुझं हृदय थांबलं. एकाच किडनीमुळं तर नव्हे? मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बहुतेक नाही." त्यांनी नुसतं नाही म्हणायला काय हरकत होती, दादा? त्या 'बहुतेक'मध्ये मी इतकी वर्षं राहतेय. गावात लोक काय बोलले ते माझ्या कानावर आलं. वहिनी मात्र एक शब्द बोलली नाही, आणि मला भीती तिच्याच गप्प राहण्याची. तू देणार होतास तेव्हा दवाखान्यानं तिचीही सही घेतली होती. तिनं खाली मान घालून सही केली आणि माझ्याकडं पाहिलं नाही. ती मान मी विसरले नाही. आता त्याच घरातून दुसरी किडनी मागायला मी कुठल्या तोंडानं जाऊ?

आज दुपारी वहिनी आली. न सांगता, करमाडहून बसनं. दोन डबे आणले होते. एकात भाजी, उकळून पाणी काढून टाकलेली, वर मीठ नाही. मला असंच खावं लागतं हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. लेकीनं सांगितलं असणार. दुसऱ्या डब्यात तिची स्वतःची भाजी होती, तिखटजाळ. "तुमची बघून मला घास उतरायचा नाय, म्हून येगळी आणली," म्हणाली. आम्ही दोघी जेवलो. माझ्या टेबलावर दुसरं ताट कधी मांडलं होतं, मला आठवेना.

जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "मग काय ठरिवलं ताई तुमी?"

मी म्हटलं, 'नाही' सांगणार आहे.

"माझ्यामुळं नाय म्हणत असाल तर म्हणू नका. सही लागली तर मी करीन."

तीच पुढं बोलली, "त्या वक्ताला लई भ्याले व्हते मी. वर बघितलं असतं तर रडू आलं असतं, आन् मग ते मागं सरले असते. तुमच्यावर राग नव्हता."

इतकी वर्षं, दादा! एकदा विचारलं असतं तर?

मग ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "कुठशी हाय ती?"

मी पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाखवलं. तिथं ती कातडीच्या लगेच आत आहे, हाताला लागते. डॉक्टरांखेरीज कुणी तिथं हात लावलेला नाही. वहिनीनं तळहात ठेवला, थोडा चाचपला, आणि तिला ती सापडली. हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. तिनं डोळे मिटले नाहीत, रडली नाही. तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवून बसली.

"बंद पडली म्हंजी काढून टाकत्यात का?"

"नाही वहिनी. बंद पडली तरी तिथंच राहू देतात." आणि मग, खोटं नको म्हणून, "बहुतेक."

"मग बरंय," ती म्हणाली. हात काढून घेतला आणि उठून माझी भांडी घासायला लागली. मी नको म्हटलेलं तिनंही ऐकलं नाही.

ती गेल्यावर मी पुन्हा विचार केला. वहिनीनं माझ्या नकाराचं सगळ्यात मोठं कारण काढून घेतलं होतं. आता हो म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती, आणि मला जगायचं नाही असंही नाही. तरी उत्तर 'नाही'च येतंय. का?

कारण तू दिलीस ती मला. माझा सुजलेला चेहरा, ओकाऱ्या, चिडचिड, सगळं पाहून, चहा पिऊन दिलीस. प्रज्ञा देतेय ती तुला. काचपट्टीवर तिला तू दिसलास, अजून कामावर असलेला, आणि ती तुला वाचवायला निघाली. तिची किडनी घेऊनही तू वाचणार नाहीस. हे तिला आज कळणार नाही; कळेल तेव्हा टाके घातलेले असतील. तिच्या दुःखाचा तुकडा मी माझ्या पोटात घेऊ शकत नाही, दादा.

हे माझ्याच भीतीला दिलेलं चांगलं नाव तर नाही ना? मी उलटसुलट करून पाहिलं. थोडी भीती आहे. पण भीती आहे म्हणून कारण खोटं ठरत नाही, असं मला वाटतं. तू असतास तर म्हणाला असतास, "लई इचार करती बघ ही." करते. आता सोबतीला तेवढंच आहे.

तर तुला शब्द देते. उद्या मी प्रज्ञाला 'नाही' सांगेन, तिच्या डोळ्यांत बघून, आणि खरं कारण सांगून. तिला राग येईल, येऊ दे. मृत दात्यांच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत नाव घालेन. तुझ्या पेशी जोवर कामावर आहेत तोवर त्यांना जपेन, आणि त्या थांबल्या की डायलिसिसला जाईन. तिथं तासन्‌तास पडून राहावं लागतं, आणि नर्स प्रत्येकाला विचारतात, सोबत कोण आलंय? मी आजवर तपासणीला, सुईला, रक्ताला, सगळीकडं एकटीच जाते म्हणत आले, आणि निकालाच्या दिवशी प्रज्ञा आली ती माझ्याशी भांडून. तेवढं मी सोडून देते. तुझ्या लेकीला म्हणेन, किडनी नको गं, तू सोबत ये. मशीनजवळच्या खुर्चीवर बस, तुझ्या पेशींचं काय चाललंय ते सांग, आणि तुझ्या आईलाही घेऊन ये.

तुझी,
वंदू