लाइव्ह लोड : एक

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, तोही उभ्यानेच, कारण खुर्च्या अजून गॅलरीत आहेत. तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, नवे दात बसले असतील आणि भाचेराव गोळ्या वेळेवर देत असतील, असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम. फरशीची मात्र विचारू नकोस.

झालं असं, की हॉलमधल्या लाद्या पोकळ वाजतात म्हणून मी फरशीवाल्या मिस्त्रींना बोलावलं. माणूस कामाला वाघ, पण बोलायला कंजूष. (चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यामुळे नवा शब्द कानावर पडला की अर्थ विचारल्याशिवाय मला घास उतरत नाही, हे तू जाणतेस.) त्यांनी आल्याआल्या विचारलं, "काका, खोलीत लाइव्ह लोड किती?" मी गोंधळलो. तेव्हा समजलं, की मिस्त्रींच्या हिशेबात कपाट-पलंग असलं जड सामान म्हणजे डेड लोड, आणि हिंडती-फिरती माणसं म्हणजे लाइव्ह लोड. मी दोन रकाने आखून यादी केली. डेड लोड पानभर झाला. दुसऱ्या रकान्यात लिहिलं : एक. मिस्त्रींनी कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

जुन्या लाद्या फोडून नवा कोबा घातला. "आता क्युरिंग," म्हणाले. मला वाटलं, घातल्याघातल्या आजारी पडला की काय! तर तसं नव्हे. नवं काँक्रीट घाईने वाळलं की तडकतं, म्हणून आठवडाभर ओलं ठेवायचं. ते काम माझ्याकडे आलं. रोज तीनदा झारीने पाणी घालायचं. तुझ्यापासून काय लपवायचं, ते सात दिवस घरात कुणीतरी माझी वाट बघतंय असं वाटे. आठव्या दिवशी हुकूम सुटला : पाणी बंद, आता तीन आठवडे सुकू द्या. मी स्वयंपाकघरात मुक्काम हलवला. (नवव्या दिवशी सवयीने झारी भरली होती. ती कुंडीत ओतली. कुंडीत झाड नाही.)

मग आलं लादी चिकटवायचं केमिकल. दातेरी थापीने ते पसरलं, की त्याचा 'ओपन टाइम' सुरू होतो. वीसेक मिनिटं. तेवढ्यात लादी बसली तर बसली. नंतर त्यावर साय धरते आणि वर उभं राहून नाचलात तरी चिकटत नाही. मग बादलीत कालवलेल्याचं काय? त्याच्या मुदतीला म्हणतात 'पॉट लाइफ'. दोन्हींतला फरक समजून घेताघेता मी छापखान्यातल्या चुकांवर आलो, तिथून साहेबांच्या स्वभावावर, आणि तिथून ही गेली त्या वर्षावर. (कसा पोचलो कोण जाणे, मी पॉट लाइफवरच होतो.) मिस्त्री थापी धरून ऐकत राहिले. शेवटी बोट लावून पाहतात तो सगळी साय! खरवडून काढावं लागलं.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ते कळवळून म्हणाले, "काका, तुम्हाला मध्येच तोडवत नाही आणि हे काही थांबत नाही. तुम्ही आत बसा, एक ओळ झाली की मी हाक मारतो." आणि खरंच मारायचे. "काका, या!" की मी हजर. दोन दिवसांचं काम सहा दिवस चाललं.

ते गेल्यावर मी दोनदा फोन करून कोपऱ्यातली लादी पोकळ वाजते असं कळवलं. दोन्ही वेळा आले, रबरी हातोडीने ठोकून पाहिलं. दुसऱ्यांदा हातोडी पिशवीत ठेवली आणि खालीच मांडी घालून बसले. म्हणाले, "लादी घट्ट आहे, काका. चहा टाका."

असो. सर्वांना यथायोग्य. पत्र लांबलं, रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. लाद्या पोकळ वाजत होत्या हे तितकंसं खरं नाही. एकच वाजत होती, तीही कपाटाखालची.

आणखी एक ता. क. तू वॉकर घेतलास, हे मला भाच्याकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, असू दे. हॉल आणि मागच्या खोलीच्या मध्ये दोन बोटांचा उंचवटा होता, तो मी काढून टाकायला लावला. घरात वॉकर नव्हता म्हणून मिस्त्रींनी बाजाराची चाकांची पिशवी दारापासून मागच्या खिडकीपर्यंत ओढून पाहिली. कुठे अडली नाही. खिडकीकडची बाजू तुझी. राहायला ये. दोन दिवसांसाठी नव्हे.