झाकलेल्या संगणकावर झालेल्या प्रशिक्षणाबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
रुग्णालय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : साहेब, नोंदणीचा नवीन संगणक आपणांस स्वतःला चालवता येतो काय?
संदर्भ : अभिलेख कक्षाच्या दारावर परवा लागलेली आपली नोटीस.

महोदय,

विषयातला प्रश्न विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी माझ्याशी पैज लावली होती. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, की उत्तर मला खरोखरच हवं आहे. मी दहावीत शिकते. माझी आई आपल्या अभिलेख कक्षात एकोणीस वर्षं काम करते. रुग्णाचं नाव सांगा, ती कपाट, कप्पा आणि फाईलचा रंग सांगते.

१. चार शनिवार प्रशिक्षण झालं. बिघडेल म्हणून संगणकावरचं कापड काढलंच नाही. आपण भिंतीवर चित्रं दाखवलीत आणि आठही कर्मचाऱ्यांकडून एकवीस पायऱ्या पाढ्यांसारख्या म्हणून घेतल्यात. आई भाजी चिरताना म्हणते, "पायरी चौदा, उजवीकडचं हिरवं बटण." आता बाबांनाही पाठ आहे.

२. सोमवारी चाचणीसाठी कापड पहिल्यांदा निघालं. दरम्यान प्रोग्राम बदलला होता. हिरवं बटण डावीकडे गेलं होतं आणि उजवीकडे आलं होतं 'नोंद रद्द'. आठही जणांनी बेधडक उजवीकडचं दाबलं. आमच्या वर्गात आठ जणींची चूक अशी तंतोतंत जुळली, तर बाई कॉपी पकडतात. इथे कुणी कुणाचं पाहिलं नव्हतं. शिकवलं तेच केलं.

३. आता नोटीस म्हणते, वीस तारखेच्या फेरचाचणीत नापास होणाऱ्यांनी चादरींच्या कोठारात रुजू व्हावं. चादरींबद्दल माझी तक्रार नाही. "तुम्हाला नाही जमायचं, बाई" असं आईला सगळ्यांदेखत ऐकवलं गेलं, त्याबद्दल आहे. घरी आल्यावर ती चप्पल न काढताच बसून राहिली. "साहेबांना उलट बोलू नकोस गं, नोकरी माझी आहे," असं तिने मला बजावलं. म्हणून बोलत नाही, लिहिते आहे.

४. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते. यंदा शाळेच्या ग्रंथालयाची अख्खी यादी मी संगणकावर चढवली आणि शिपाईकाकांनाही शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक कपाटभर पुस्तकं यादीतून उडवली. आम्ही पुन्हा भरली. छत कोसळलं नाही.

सबब, वीस तारखेपर्यंत रोज चार ते सहा संगणक उघडा ठेवावा. खोट्या नावांवर सराव करू, खऱ्या नोंदींना धक्का लागणार नाही. शिकवणार मी. आपणही यावं, संकोच करू नये. नकार द्यायचा असल्यास लेखी द्यावा आणि फेरचाचणीला सर्वांत आधी आपण बसून दाखवावं.

नम्रपणे, पण मागे न हटता,
टेबल क्रमांक तीनवरच्या बाईंची मुलगी
दिनांक : ७

सोबत : एकवीस पायऱ्यांचा कागद (चौदावी खोडून).

प्रत माहितीसाठी : आई-बाबा. सुट्टीत मी आत्याकडे जाणार नाही, ठरलं. परवानगी आली तर रुग्णालयात शिकवीन, नाही आली तर शाळेत, बाईंना विचारून ठेवलं आहे. बाबा, संध्याकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे. आई, उद्या चारला तयार राहा. रागवायचं असेल, तर माऊस हातात धरून रागव.