कळव्यातला एकमेव निःपक्षपाती माणूस

२२ जुलै १९९०, रविवार
आजपासून मी रेफरी. शिट्टी गळ्यात. जेवतानाही काढली नाही. आई म्हणाली, घास अडकला तर निदान कळेल तरी.

ठाण्याला क्लास होता. शिकवायला बाबुराव सर, रिटायर्ड पीटी मास्तर. मराठी इतकं शुद्ध की ऐकताना झोप लागते. म्हणाले, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल मॅचेस आहेत, तेव्हा रेफरीने आधी स्वतः मोठं व्हावं. वेळेवर यावं, शिवी देऊ नये, मुलांशी शांतपणे बोलावं, सगळ्यांना सारखा न्याय द्यावा. फायनलपर्यंत जो नीट वागेल त्याला जिल्ह्याचा बिल्ला. बिल्ला मिळाला की पुणे, नागपूर, गोवा. फिरायचं आणि वर मान. हे काम माझ्यासाठीच काढलंय. आधीची कामं, म्हणजे भिवंडीचा लूम, उल्हासनगरची जीन्स, डोंबिवलीचं झेरॉक्स, माझ्या लायकीची नव्हती.

चहाच्या सुट्टीत टेंभी नाक्यावर गोविंदांची प्रॅक्टिस दिसली. पाच मिनिटं बघायला गेलो. परत आलो तर क्लास सुटलेला. राहिलं ते काही खास नसणार.

बिल्ला नाही मिळाला तर बाबा मला दामाजी काकाच्या पंक्चरच्या दुकानात बसवणार आहेत. दामाजी काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्याचा उजवा हात थरथरतो. ट्यूब धरायला त्याला माणूस हवाय. मी ट्यूब धरणाऱ्यातला नाही.

२९ जुलै
ठराव. पहाटे धावणं. तंबाखू बंद. शिवी बंद. (उद्यापासून. आज दूधवाल्याला एक गेली.)

नाव पण एक कटकट आहे. कान्हा. रेफरीचं नाव असं असतं का? बारशाला नाव ठेवते आत्या. मला आत्या नाही, म्हणून शेजारच्या सगुणा मावशीने ठेवलं. तिने त्या वर्षी गल्लीतल्या दोन पोरांचं आणि स्वतःच्या बोकडाचं हेच नाव ठेवलेलं. लोकांना कसली म्हणून जबाबदारी नाही.

५ ऑगस्ट
पहिली मॅच. कळवा विरुद्ध कल्याण. वेळ आठची, मी सव्वानऊला पोचलो. वाटेत खाडीवर एका होडीत हा एवढा जिताडा आलेला. असा मासा रोज बघायला मिळत नाही. मॅच रोज मिळते.

मैदान म्हणजे नुसता रेंदा. पोरांच्या मोज्यांचा वास असा की नको तो श्वास. पालक तर त्याहून घाण. चुन्याच्या लाइनवर पान थुंकतात. हाफटाइमपर्यंत पांढरी लाइन लाल. त्यात बॉल बाहेर गेला की आत आहे, काय दिसणार? कल्याणच्या एका बाईने विचारलं की डोळे घरी विसरून आलास काय रे. मी शांतपणे बोललो. तिच्या खानदानाचा उल्लेख ओघात आला.

मग आनंदा. माझ्या बहिणीचा, शालनचा मुलगा. कळव्याचा बॅक. बॉल आणि पाय यात फरक असतो हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याने कल्याणच्या पोराला असा उडवला की चिखलात पोराचा साचा उमटला. मी पिवळं कार्ड काढलं आणि हात ताठ वर केला. न्याय म्हणजे न्याय.

लाइनवरून शालन किंचाळली, भाच्याव हात उगारलास रे मेल्या! 

मामाने भाच्यावर हात उगारला की पुढे म्हातारपणी हात थरथरतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण कार्ड म्हणजे मारणं का? हात वर गेला, एवढं खरं.

६ ऑगस्ट, सकाळ
हात थरथरतोय. चहा कपात कमी, बशीत जास्त.

दामाजी काकाचं पण हेच झालं. गावात कोणालाही विचारा, त्याने एका लग्नात भाच्याच्या कानाखाली काढलेली, तेव्हापासून हात गेला. मला तर म्हातारपणाची वाट पण बघायला लागली नाही. (काल संध्याकाळी आमच्या लाइनमन काळुरामबरोबर थोडी घेतलेली. सकाळपासून पोटात काही नाही. त्याचा इथे संबंध नाही.)

११ ऑगस्ट
सगुणा मावशीकडे उपाय आहे. भाच्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, डोक्यावर नवीन टोपी घालायची, गोड भरवायचं. तो माफ म्हणाला की हाताची थरथर थांबते. फायनलच्या आधी उरकतो. बिल्ला थरथरत्या हाताने घेणं बरं दिसत नाही.

१२ ऑगस्ट
सेमीफायनल. कळव्याची टीम दुसऱ्या सेमीफायनलला, त्यामुळे पूर्ण निःपक्षपाती होतो. बोअर झालं. दोन्ही हात खिशात ठेवून मॅच घेतली, शिट्टी नुसत्या तोंडाने. बाबुराव सर बघत होते. इम्प्रेस झाले असावेत.

१९ ऑगस्ट, फायनल. कळवा-टिटवाळा.
उपाय घरीच करणार होतो. पण धावायला उठायचं म्हणून जरा जास्त झोपलो. आनंदा टीमबरोबर मैदानात गेलेला. मग पाट, ताट, जिलेबी आणि आई असं सगळं घेऊन मैदानातच गेलो. गोलपोस्टच्या मागे त्याला बसवला. मी रेफरीच्या ड्रेसमध्ये. आईने ओवाळलं, मी टोपी घातली, जिलेबी भरवली.

मान वर केली तर टिटवाळ्याचे कोच भगवान समोर हात जोडून उभे. म्हणाले, आमच्या पोरांचं औक्षण कधी आहे, म्हणजे रांगेत बसवतो. काय हा हलकट टोमणा! धार्मिक गोष्टीत पॉलिटिक्स.

आणि आनंदा? जिलेबी संपवली, टोपी वाकडी केली आणि म्हणाला, माफचं मॅचनंतर बघू मामा. तेराव्या वर्षी हे! या पिढीची शिसारी येते.

शून्य-शून्य चाललेलं. शेवटची पाच मिनिटं. टिटवाळ्याचा बॉल सरळ गोलात शिरत होता आणि आनंदाने तो दोन्ही हातांनी पकडला. जिताडा पकडतात तसा. लाल कार्ड आणि पेनल्टी. आंधळ्याला पण दिसेल. मला पण दिसलं.

कार्ड खिशात होतं. हात खिशात होता. वर येईना.

मी आनंदाजवळ जाऊन हळूच सांगितलं की आजी बोलावतेय, घरी जा. तो म्हणाला, आजी इथेच आहे. होती, ताट घेऊन. मग लाइनवर झेंडा धरून उभ्या काळुरामला कार्ड दिलं, म्हटलं तू दाखव. तो म्हणाला, गावच्या नात्याने मी पण मामाच लागतो, माझे हात काय फुकटचे आलेत? सगळीकडून शिट्या. शेवटी कार्ड भगवान कोचना दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी उंच धरलं. चारही बाजूंना फिरवून दाखवलं.

बाबुराव सर चिखल तुडवत आत आले. म्हणाले, "कान्हा, आपल्या नात्यातलं मूल खेळत असेल तर आधी सांगावं, आम्ही दुसरा रेफरी देतो, हे क्लासमध्ये सांगितलं होतं." मी म्हटलं, सर, कळव्यात नात्यातलं नाही असं कोण आहे? ते म्हणाले, "म्हणूनच तर डोंबिवलीचे सीताराम पहिल्या दिवसापासून छत्रीखाली बसून आहेत."

छत्रीखालचा माणूस उठला. मला वाटत होतं तो कुठल्या तरी पोराचा बाप आहे. सरांनी माझ्यापुढे हात केला. शिट्टी ओली होती, ती त्यांनी रुमालाने पुसून त्याला दिली.

पेनल्टीवर टिटवाळा जिंकलं. बिल्ला छत्रीवाल्याला. नुसतं बसून बिल्ला मिळतो या देशात.

२१ ऑगस्ट, दुकान
पहिला दिवस. सोल्यूशनचा वास, काळे हात. शी.

तरी म्हटलं, काकाला समदुःखी म्हणून विचारावं. काका, कुठल्या भाच्याला मारलेलं तू? त्याने पंप खाली ठेवला. म्हणाला, मना बहीणच नाय रं, भाचा कुठशी येल? हात लहानपणी तापात गेला.

बराच वेळ विचार केला. काकाची बहीण म्हणजे माझी आत्या. मला आत्या नाही. पहिल्यापासून नाही.

दुपारी आनंदा आला. डोक्यावर तीच टोपी, बगलेत फुटलेला बॉल. म्हणाला, आत्ता लगेच करून दिलास तर माफ.

मी ब्लॅडर धरलं. काकाने ठिगळ लावलं. माझा हात जरासुद्धा हलला नाही. काका खूश झाला. म्हणाला, असाच माणूस पाहिजे होता.