शेवटचा थर माझाच

३ जुलै, दुपारी
आधीच सॉरी. शुद्धलेखन माझं नववीपासून बंद आहे आणि टाइप एका बोटाने करते, दुसऱ्या हाताला मिरची लागलीय. हे कोण वाचणार नाहीये, तरी सॉरी.

मसाल्याच्या दुकानात मी नुसती कामाला आहे, लालबागला. खरी मी आमच्या मुलींच्या गोविंदा पथकातली वरची. तीन वर्षं पाचव्या थरावर मीच. हंडी मीच फोडते.

आता ती नूपुर आलीय. मे महिन्यात चौदाची झाली, नियमात बसली, लगेच सगळ्यांना तिचा पुळका. मी सतराची म्हणजे काय म्हातारी झाले? आमची कोच वैशालीताई. तिने ग्रुपवर टाकलं, शनिवार-रविवार कोलाडच्या पुढे नदीवर पिकनिक, यंदाचे थर तिथेच ठरवू. म्हणजे ठरलंय. मला कळत नाही काय.

माझं वाक्य तयार आहे. ताई, वर मीच, नाहीतर पथक सोडते. गिऱ्हाईक नसताना पोत्यांसमोर वीस वेळा बोलले. एकदाही अडकले नाही.

दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. एकोणपन्नास. गेल्या वर्षी एक्केचाळीस होतं. काटा मिरच्यांचा आहे, माणसांना कशाला बरोबर दाखवेल.

५ जुलै, सकाळी ८, गाडीत
मुद्दाम ताईच्या मागची सीट पकडली. पनवेलच्या आधी बोलणार होते. गाणी फुल. मग ताई झोपली. झोपलेल्या माणसाला पथक सोडते बोलणं बरं दिसत नाही.

नूपुरला गाडी लागली. दोनदा. ही म्हणे पाचव्या थरावर उभी राहणार. पिशवी मीच धरली, बाकीच्या नाक दाबून बसल्या. याचं कोणी काही बोलत नाही.

५ जुलै, दुपारी १
पोचलो. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये नदी, डोंगरावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा. सगळ्या आईशपथ, आईशपथ करतायत. मला काय वाटलं नाही. ओके आहे. नदीचा आवाज एवढा की महत्त्वाचं बोलणं शक्यच नाही. कोणी निवडली ही जागा.

ताई स्वतः येऊन बाजूला बसली. बोलली, काय गं, गप्प गप्प? मी बोलले, भजी मस्त आहेत.

पण टोन असा दिला की ती समजली असणार.

५ जुलै, संध्याकाळी ६
आता खरा राग.

आम्ही राहतोय ते घर दगडूकाकांचं. वरचा मजला अर्धवट. स्लॅबवरून बांबू बाहेर काढलाय आणि बांबूला मडकं टांगलेलं. आम्ही घराच्या मागे. परळ-लालबागच्या पोरींना टांगलेलं मडकं दाखवायचंच नसतं. ताई आंघोळीला गेलेली. खालच्या थरातली प्रिती बोलली, चार थरांत होतंय गं.

मी पुढे जाऊन उभी राहिले. चढले. दुसऱ्या थरापर्यंत ठीक. तिसऱ्यावर पाय ठेवला तर खालून प्रिती बोलते, दुकानातलं पोतं सोबत आणलंस काय गं. सगळ्या हसल्या. हसल्यावर थर बसणारच. धपाधप चिखलात. चूक हसण्याची. वजनाचा संबंध नाही.

परत लावला. मला तिसऱ्यात घातलं. नूपुर खारीसारखी चढली, माझ्या खांद्यांवर उभी राहिली, सलामी दिली, नारळाने मडकं फोडलं. तिचे पाय ओले होते, घसरत होते. मी घोटे धरले म्हणून वाचली. हे कोणाला दिसलं नाही.

मग दगडूकाका धावत आले. त्या मडक्याला पुढून चुन्याचे डोळे आणि दात होते. नव्या बांधकामाला नजर लागू नये म्हणून टांगलेलं. आम्हाला मागून नुसतं मडकंच दिसलं. काका बोलले, पोरींनो, मुंबईवरून एवढ्या लांब येऊन माझ्या घराचीच हंडी केलीत? ताई डोक्याला टॉवेल गुंडाळून माफी मागत होती.

काकूंनी दुसरं मडकं दिलं. डोळे-दात काढायला मला बसवलं. माझ्या डोक्यात जे होतं तेच निघालं. काका लांबून बघून बोलले, हे बेस्ट, आधीच्याला एवढा राग नव्हता.

टांगायला परत नूपुर. परत माझ्या खांद्यांवर.

६ जुलै, सकाळी ९
चहा झाल्यावर ताईने वहीतून थर वाचले. पाचवा नूपुर. चौथा मी. बोलली, कोणाला काही बोलायचंय? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात वर केला. वाक्य तोंडात होतं. पूर्ण होतं. ताई बोलली, बोल गं.

मी बोलले, नूपुरला सांगा, पाय पुसून चढ.

ताईने ते वहीत लिहून घेतलं. मग बोलली, तूच सांग तिला, गुरुपौर्णिमेपासून प्रॅक्टिसला तूच तिला शिकव. मी बरं बोलले. बरं का बोलले?

६ जुलै, दुपारी ४, गाडीत
नूपुर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीय. बसल्यावरपण माझाच खांदा. हलवणार होते, पण उठली की उलटी करेल. पथक पुढच्या वर्षी नक्की सोडणार.

आत्ता मम्मीचा मेसेज आला. कॉटन ग्रीनच्या मामाने मिशी काढली. फोटो पाठवलाय. नूपुर उठली की दाखवते.