स्वतःचं माप

तीर्थस्वरूप दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, त्यामुळे तूर्त आठांतली दोन-तीन अंगं कमी धरावीत.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? चिरंजीवांचं लग्न ठरल्याचं पत्र पोचलं आणि घरात आनंदीआनंद झाला. तुमची बहीण, म्हणजे आमची ही, पत्र वाचून रडली. मीही रडलो, पण शेवटच्या ओळीपाशी. नवरदेवाचा कोट दोघा मेहुण्यांपैकी कुणाकडे शिवायला द्यायचा हे अजून ठरलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. दादा, यात ठरायचं काय राहिलं आहे? थोरला मेहुणा मी. जुना शिंपीही मीच. तुमच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे साडू, हेही शिंपी आहेत ही गोष्ट मी नाकारत नाही. गल्लीत कावळेही आहेत. (हे त्यांना वाचून दाखवू नये.)

मला कुणाचा हेवा वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज व्हायला नको.

माझी कामाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मी माप घेत नाही. गिऱ्हाईक दारातून खुर्चीपर्यंत चालत येतं, तेवढ्यात माझ्या मनात त्याचा कोट बेतून झालेला असतो. गळ्यात टेप असते, पण ती नुसती शोभेला. दुकानाच्या पाटीवरही मी मुद्दाम लिहून घेतलं आहे, "येथे मापे घेतली जात नाहीत." (सुरुवातीला लोक पाटी वाचून हळहळत परत जायचे, त्यांना वाटायचं दुकान बंद पडलं. पण पाटी मी बदलली नाही.) याला काही लोक गर्व म्हणतात. गर्व आणि अभिमान यांतला फरक त्यांना कळत नाही. आपला असतो तो अभिमान, दुसऱ्याचा असतो तो गर्व. आणि साडूची पंचाईत अशी की त्यांना दोन्ही नाही. गर्विष्ठ माणसाचा हेवा करायला (मी करत नाही) निदान काही आधार तरी असतो. हा माणूस वाकून बोलतो, वाकून चालतो, आणि मला साडूभाऊ साडूभाऊ म्हणत माझीच गिऱ्हाइकं नेतो!

हे स्थळ धाकटीला सुचवलं कुणी? मीच. म्हटलं, एका माणसाचं तीन-तीनदा माप घेणारा शिंपी, याच्यापासून आपल्याला काय धोका? आपल्याच हातांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. दुकान काढायला त्यांना अख्खं शहर मोकळं होतं, पण काढलं ते माझ्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे. आता दिवसभर मी ऐकतो: हात वर करा, जरा बसा, उठा, चष्मा कुठल्या खिशात ठेवता, जेवल्यावर बटण काढता का? असले खासगी प्रश्न! आणि लोकांना ते आवडतात. आपली कुणी एवढी चौकशी केली की माणूस पाघळतो, मग कोट कसाही का होईना. (कोट चांगले होतात, असं ऐकून आहे.) आमचे हेडमास्तर, ज्यांच्या तिन्ही बढत्यांचे कोट माझ्या हातचे, तेही परवा पलीकडे गेले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, तरी छत्री उघडून माझ्या बाजूला तिरकी धरून गेले. छत्रीखालून त्यांची विजार मला दिसत होती. मीच शिवलेली.

तेव्हापासून मी मशीन दाराशी आणून ठेवलं आहे. उजेड चांगला येतो म्हणून. ही म्हणते, उजेड नाही, समोरचं दुकान चांगलं दिसतं म्हणून. आणि दाराशी वारा खाऊनच पाठ धरली. तुमची बहीण आहे, मी काय बोलणार?

तर तुमचं पत्र आलं आणि माझं अन्नपाणी तुटलं. डोळ्यांसमोर एकच चित्र: मांडवात चिरंजीव उभे, सगळे कोटाकडे बघताहेत, आणि साडू वाकून वाकून म्हणताहेत, छे छे, माझं कसलं कौतुक. मग मी ठरवलं की त्यांच्या हातचा एक कोट मिळवायचा, घरी आणून टाका न् टाका उसवायचा, आणि आत काय लबाडी आहे ती तुम्हाला सविस्तर कळवायची. कोपऱ्यावरचा पाववाला माझा मित्र. त्याच्या हाती कापड दिलं आणि परगावच्या भावासाठी कोट हवा असं सांगायला लावलं. माप कुणाचं द्यायचं? कापड वाया कशाला घालवा, म्हणून माझंच दिलं. टेप अर्थातच लावली नाही. आरशासमोर उभा राहिलो, श्वास आत घेतला, नजर टाकली आणि आकडे सांगितले. छाती भरदार, कंबर बेताची, दोन्ही खांदे एका रेषेत. पाववाला आकड्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला, पण पावाच्या पलीकडे त्याला समज नाही. साडूंनी त्याला एकच प्रश्न विचारला म्हणे, भाऊ स्वभावाने कसे आहेत? हा म्हणाला, जरा ताठ आहेत. साडू म्हणाले, मग पाठीत थोडी जागा ठेवतो.

कोट आला. घातला. दादा, खोटं कशाला बोलू, अंगावर कोट आहे हे कळतच नव्हतं. आधी मला आनंदच झाला. म्हटलं, बघा माझी नजर! आकडे अचूक मिळाले की कुणीही कोट शिवेल. त्या आनंदात उसवायचं राहिलं आणि मी तसाच रस्त्यावर गेलो. तिथे हेडमास्तर भेटले. छत्री मिटून उभेच राहिले. म्हणाले, वा! शेवटी जुना हात तो जुना हात, स्वतःसाठी शिवताना तुम्ही काही हातचं राखलं नाहीत. त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी कुणी चांगलं बोलत होतं, आणि जीभ वळेना. मी म्हटलं, चालायचंच. एवढ्यात मागून आवाज आला, "साडूभाऊंच्या हाताला तोड नाही." साडू दारात उभे होते, आणि हसतसुद्धा नव्हते. नुसते कोटाची मागची शिवण बघत होते.

घरी येऊन कात्री काढली. ही म्हणाली, उसवण्याआधी एकदा मोजून तरी बघा. आणि तिने माझ्या गळ्यातली टेप उतरवली (हिची छाती आहे, मी मेलो तरी उतरवली नसती) आणि कोट मोजला. दादा, मी दिलेल्या आकड्यांतला एकही त्या कोटात नव्हता. छाती बरीच कमी. कंबर चांगली चार बोटं जास्त. डावा खांदा उतरता, आणि तो दिसू नये म्हणून आतून अलगद भर घातलेली. इतक्या वर्षांच्या इस्त्रीने माझा डावा खांदा उतरला आहे हे मला ठाऊक नव्हतं. हिला ठाऊक होतं, पण विचारलं कोण? म्हणजे साडूंनी माझं माप टेपेशिवाय काढलं, रस्त्याच्या पलीकडून. मी दाराशी बसून त्यांच्याकडे बघत होतो, तेव्हा तेही रिकामे बसले नव्हते. माझी विद्या, दादा! माझीच विद्या, आणि पाटी न लावता!

त्या रागात मी जेवलो नाही. कोट मात्र खुंटीवर नीट टांगला.

तरी सर्व बाजूंनी विचार करता नवरदेवाचा कोट माझ्याकडेच द्यावा. थोरल्याचा मान असतो, आणि मान एकदा गेला की तो काही परत शिवून मिळत नाही. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, माप द्यायला यायची गरज नाही.

तुमचा थोरला मेहुणा

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं ते बरंच झालं. आज सकाळी साडू रस्ता ओलांडून इकडे आले. पाटी पूर्ण वाचली, तरी आत आले. मी भांडायच्या तयारीने उभा राहिलो. ते म्हणाले, "साडूभाऊ, लग्नासाठी मला एक कोट हवाय. कितीही केलं तरी आपलं माप आपल्याला काही घेता येत नाही. तुम्ही शिवाल का?" पाववाल्याच्या भावाबद्दल चकार शब्द काढला नाही. मी त्यांना दारातून खुर्चीपर्यंत चालून दाखवा म्हणणार होतो. पण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, नीट दिसेना. शेवटी गळ्यातली टेप काढली आणि माप घेतलं. तीनदा.

ता. क. २. नवरदेवाचा कोट त्यांच्याकडे द्या. मला सवड नव्हती असं सांगा. काजं मात्र मी करीन. काजं त्यांची यथातथाच आहेत, हे मी हेवा न करता सांगतो.

ता. क. ३. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. माझी टेप जुनी होऊन बिघडली असावी. तिच्यावर साडूंची कंबर माझ्यापेक्षा कमी भरते आहे. तिन्ही वेळा भरली. तरी चिरंजीवांना त्यांच्याकडे मापाला घेऊन याल तेव्हा एक नवी टेप आणावी, आणि ती मला त्यांच्यासमोर देऊ नये.