आपल्याकडचं सॉरी

आई,

लीड्सहूनच गुडघे टेकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण नीट चाललंय. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथले लोक दिवसभर सॉरी म्हणतात. वाट हवी असली तरी सॉरी, ऐकू आलं नाही तरी सॉरी, नकार द्यायचा तरी सॉरी. पण दुसरं कुणी ठेचकाळलं की गप्प. आपल्याकडे इबादानच्या बाजारात तू रिसीच्या आईशी कडाकडा भांडायचीस, पण मध्येच तिची टोपली पडली की आधी सॉरी म्हणायचीस आणि मग पुढचं भांडण.

परवा वॉर्डात एका आजोबांचा कप पडला. मी सॉरी म्हटलं, तशी आमची हेडनर्स डोरीन फणकारली, "तू पाडलास का? मग दोष अंगावर कशाला घेतेस?"

मी म्हटलं, "दोष नाही घेत. त्यांना वाईट वाटलं, ते एकट्यानं का सोसायचं? माझ्या आईनं असंच शिकवलंय."

काल हॉस्पिटलच्या दारात मी बर्फावरून घसरले. मला उठवताना डोरीन म्हणाली, "सॉरी गं, मोरेनिके." बाजारात सगळ्यांना सांग, रिसीच्या आईलासुद्धा.

पडल्याचं कळवायचं नव्हतं, पण त्याशिवाय हे सांगता येईना. प्लास्टर डाव्या हाताला आहे. लिहिते तो उजवा.

तुझीच,
मोरेनिके