माळेवर मोजलेली वीस मिनिटं

३ सप्टेंबर
आज हॉस्पिटलच्या वाफेच्या मशीनपाशी बसले आणि मला हे काम शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या मदर आठवल्या. ट्रेनिंगच्या दिवसांत आम्ही दोघी अशाच दोन स्टुलांवर बसायचो. एक सफरचंद, दोन फोडी, मोठी नेहमी मला. तिथलं घड्याळ बंद होतं. "पोरी, रोझरीची माळ काढ. पाचही रहस्यं सावकाश म्हटलीस की वीस मिनिटं होतात. गॉज निर्जंतुक, आणि तूही!" असं म्हणून स्वतःच हसायच्या.

तेव्हापासून मी माळेवरच मोजते, पाच रहस्यं म्हणजे प्रार्थनेचे पाच भाग, एकामागून एक. इथे भिंतीवर चांगलं चालतं घड्याळ आहे, तरीही! तीस वर्षांत चुकले नाही.

सर्जरी वॉर्डातली नर्स निर्जंतुक गॉजचा ड्रम न्यायला आली. तिची चिवचिव थांबत नाही, म्हणून मी तिला चिमणी म्हणते.
"ताई, तुमच्या देवाला ओव्हरटाइम तरी देतात का हो?"
"नाही गं, तो पर्मनंट आहे."
दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

५ सप्टेंबर
धाकट्या बहिणीचा फोन — आईचा लग्नातला फोटो सापडला! दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

९ सप्टेंबर
चिमणीच्या वॉर्डात दोन नंबर खाटेवरच्या शिंपीकाकांच्या टाक्यांत पू झालाय. ताप एकशे तीन. त्यांच्यासाठी माळ केली.

११ सप्टेंबर
मेट्रनबाईंनी बोलावलं. काकांचं ड्रेसिंग पाच तारखेच्या ड्रममधलं होतं. रजिस्टर उघडलं — वाफ वीस मिनिटं, खाली माझी सही.
"तुमच्याकडचं चोख आहे, म्हणजे वॉर्डातच घोळ. हिनेच झाकण उघडं टाकलं असणार."
चिमणी शेजारीच उभी. "नाही हो मॅडम, आईशप्पथ! ताई, तुम्ही तरी सांगा ना."
मी म्हटलं, "मी प्रार्थना करीन."
काय बोलले मी हे!

१२ सप्टेंबर
आठवायचं नव्हतं. आठवलं.

त्या दिवशी दुसऱ्या रहस्यात होते तेव्हा धाकटीचा फोन वाजला. मिनिटभर बोलले. परत आले आणि फोटोच्या नादात माळ थेट पाचव्या रहस्यापासून धरली. जेमतेम अकरा मिनिटं झाली असतील. मशीन उघडताना वाटलं होतंच, आज लवकर झालं. नीट वाफ मिळाली की ड्रमवरची पट्टी काळी होते. करडी दिसली. चष्मा पुसला. म्हटलं, उजेड कमी आहे.

रजिस्टरात वीस लिहिलं.

१३ सप्टेंबर
चर्चमध्ये गेले. काकांना बरं कर, म्हटलं. मग दुसरं मागितलं — चिमणीला मुकाट्याने मान्य करू दे. तिला समज देऊन सोडतील. माझी निवृत्ती सात महिन्यांवर आलीय.

हे मी मागितलं. वेदीसमोर, गुडघे टेकून. आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःलाच गोड करून सांगेन.

१५ सप्टेंबर
चिमणीला काढणार. पदरात दोन मुली, दोघी शाळेत. ती येऊन समोर बसली. चिवचिव नाही.
मी विचारलं, "ड्रम उघडताना पट्टी बघितली नाहीस?" दोघींनी बघायची, असा नियमच आहे.
"तुमची सही असली की मी नाही बघत, ताई. तुमच्या हातचं म्हणजे देवाच्या हातचं."
टोमणा नव्हता तो! मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

इतकी वर्षं सांगत आले, मी कामात देवावर विसंबते. कुठलं काय! डोळे त्याने दिलेत, ते वापरायचं कामही त्याच्याच गळ्यात घालत होते.

१६ सप्टेंबर
फादरांकडे पापनिवेदन केलं. ते म्हणाले, "देवाने ऐकलं, बाई. आता मेट्रनबाईंकडे तुम्ही जाताय, की त्यालाच पाठवताय?"
रडता रडता हसू फुटलं. आज एवढंच मागितलं — उद्या माझे पाय मागे वळू देऊ नकोस.

१७ सप्टेंबर
सांगितलं.
मेट्रनबाई डोक्याला हात लावून बसल्या. "अहो, सातच महिने राहिले होते! गप्प बसला असतात तर?"
"सहा दिवस बसलेच होते."
खोटी नोंद केली, म्हणून उद्या शेवटचा दिवस. चिमणीची नोकरी राहिली.

काकांचा ताप उतरलाय. त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मीही कितीदा न मोजता कापलंय. पण ते कापड होतं."
पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी सरकवला आणि निघाले.

दारात चिमणीने गच्च मिठी मारली. "ताई, माझ्यासाठी केवढं केलंत! देवमाणूस हो तुम्ही."
मी ऐकून घेतलं.

१८ सप्टेंबर
कपाटाच्या किल्ल्या मेट्रनबाईंना. जाड हातमोजे नव्या बाईंना. मशीनचं दार उजवीकडे चटका देतं, हेही सांगायचं. निळा स्वेटर रखवालदाराच्या बायकोला.

ही वही चिमणीला. तेरा तारखेचं पान तिने आधी वाचावं.